चोखोबांच्या घरचे अभंग: एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आराखडा ठरला. चोखोबा (चौदाव्या शतकातले वारकरी अभंगकार चोखामेळा), सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा, म्हणजे नवरा-बायको, बहीण, मेहुणा आणि मुलगा. एकाच घरातल्या या पाच जणांचे मिळून चोवीस अभंग मोठ्या टायपात, शब्दार्थांसह, ६४ पानांत छापायचे. पुस्तिका जाणार आहे ती वस्तीतल्या बौद्ध घरांत आणि गावातल्या भजनी मंडळात. दोन्हीकडे एकच पुस्तिका, हे पहिल्या दिवसापासून धरून चालायचं. वेगवेगळ्या दोन आवृत्त्या काढणं सोपं आहे, पण मग या कामाला काही अर्थ उरत नाही.

तारखा: बुद्धपौर्णिमा यंदा १२ मे. चोखोबांची पुण्यतिथी वैशाख वद्य पंचमी, म्हणजे १७ मे. एकाच वैशाखात, पाच दिवसांच्या अंतरानं. दोन्ही दिवशी वाचन ठेवायचं. त्यामुळे पुस्तिका ९ मेपर्यंत हातात हवी. छापखान्याला तीन आठवडे लागतील, कारण तेव्हा लग्नसराईच्या पत्रिकांची गर्दी असते. १० ते १६ एप्रिल बाबासाहेबांच्या जयंतीमुळे कुणीच मोकळं नसतं, ते दिवस आधीच वजा केले. फाइल १९ एप्रिलला द्यायची.

अभंगांची वाटणी: चोखोबा १०, सोयराबाई ६, कर्ममेळा ४, निर्मळा २, बंका २. गाथेत चोखोबांचे अभंग बाकी चौघांच्या मानानं खूपच जास्त आहेत. त्या प्रमाणात निवड केली तर निर्मळेच्या वाट्याला फार तर एखादा अभंग येतो. म्हणून प्रमाण मोडलं.

९ जानेवारी

पाठ कुठला घ्यायचा? दोन जुन्या छापील गाथा समोर आहेत आणि बऱ्याच अभंगांत शब्दांचे थोडेथोडे फरक आहेत. नियम केला: एक गाथा पायाभूत धरायची, तिचाच पाठ छापायचा, दुसरीतला फरक अर्थ बदलणारा असेल तरच टिपेत द्यायचा. दोन्हींतलं आवडेल ते उचलून तिसराच पाठ तयार करायचा नाही. असा पाठ गोड वाटतो, पण तो कुणाच्याच तोंडचा नसतो.

‘मूळ’ किंवा ‘शुद्ध’ पाठ हा शब्द पुस्तिकेत कुठेही नको. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट लिहून घेत. त्यानंतर कित्येक पिढ्या ते गळ्यातून आणि वह्यांतून चालत आले. कुठला शब्द बोलणाऱ्याचा आणि कुठला लिहिणाऱ्याचा, हे सांगता येत नाही.

हक्काचा मुद्दा एकदाच नोंदवून ठेवू. अभंगांवर कुणाची मालकी नाही. संपादकानं लिहिलेले अर्थ, टीपा आणि प्रस्तावना मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांच्या असतात. त्यामुळे शब्दार्थ सगळे नव्यानं लिहायचे, कुठल्याही आवृत्तीतून उतरवायचे नाहीत.

अनुस्वारांवर बराच वेळ गेला. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढले, त्यामुळे आजच्या वाचकाला ‘नाहीं’, ‘खातां’, ‘उष्टें’ बघून अडखळायला होतं. सरसकट काढावेत असं बहुतेकांचं मत होतं. पण सोयराबाईंच्या एका ओळीपाशी सगळे थांबले: ‘देहीं असुनि तूं विदेही’. पहिल्या शब्दावर टिंब आहे, शेवटच्यावर नाही. ‘देहीं’ म्हणजे देहात. टिंब काढलं की तो ‘देही’ होतो, म्हणजे देह धारण करणारा. विभक्ती त्या टिंबातच आहे. ठरलं: पायाभूत गाथेतले सगळे अनुस्वार जसेच्या तसे ठेवायचे आणि पान ४ वर दोन ओळींची सूचना द्यायची की ही टिंबं नाकातून उच्चारायची नाहीत.

१५ जानेवारी

टंकन. सहा अभंग कुणीतरी पूर्वी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या टंकात टाइप केलेले मिळाले. रूपांतर केल्यावर ‘विटाळ’चं ‘िवटाळ’ झालं आणि ‘धर्म’चा ‘धमर्’. कारण जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. शोधून-बदलून दुरुस्त करता येतं, पण प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार डोळ्यांखालून घालावाच लागतो. सहा अभंगांसाठी हा खटाटोप परवडत नाही, सरळ नव्यानं टाइप केले.

पानाचा फोटो काढून मजकूर ओळखवून पाहिला. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्यांत सर्वांत जास्त चुका. जुन्या छपाईत शाई पसरलेली असली की ‘ब’ची तिरकी रेघ भरून जाते.

फोनवर टाइप करणाऱ्यांना सूचना: आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. एका प्रतीत कर्ममेळ्याची ओळ ‘लाज न ये तुमचे चिंता’ अशी आली होती, मूळ शब्द ‘चित्ता’. दुसरीकडे ‘याती’चं ‘जाती’ झालं. हा बदल जास्त धोक्याचा, कारण अर्थ जुळतो, यमकही जुळतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दंड (।) आणि दुहेरी दंड (॥) देवनागरी कळफलकावरचेच वापरायचे. उभी रेघ टाकून काम भागवलं की ती अक्षरापेक्षा उंच दिसते. दंडाच्या आधी न तुटणारी जागा टाकायची, नाहीतर ओळ मोडल्यावर दंड एकटाच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

२२ जानेवारी

अक्षरमोजणी. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. सोयराबाईंचा ‘देहासी विटाळ । म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ । शुद्ध बुद्ध’ या साच्यात चपखल बसतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. कर्ममेळ्याचा ‘जन्म गेला उष्टें खातां’ तसा आहे.

मोजणी केली ती टंकनातली गळती शोधायला. एखाद्या चरणात अक्षर कमी भरलं की तिथे परत गाथा उघडायची. चार ठिकाणी अशी गळती सापडली.

पण साच्याच्या हट्टापायी पाठ बदलायचा नाही. ‘देहींचा विटाळ । देहींच जन्मला । सोवळा तो झाला । कवण धर्म’ यातला शेवटचा चरण मोजला तर पाच अक्षरं. तो तसाच बरोबर आहे. ‘कवण’ म्हणताना मधला स्वर आखडतो आणि चरण चार अक्षरांच्या जागेत बसतो. ‘लाज न ये तुमचे चित्ता’ लिहून नऊ अक्षरं, म्हणताना ‘तुमचे’ दोनच. ‘ऊस डोंगा परी’मध्ये तर चौथ्या चरणातही सहा आहेत. अभंग तोंडानं मोजायचा असतो. कागदावर मोजून ‘कवण’चं ‘कोण’ करणारा हात चुकीचा.

२ फेब्रुवारी

पहिलं वाचन, चौदा जण. एक आठवडा विहाराच्या ओसरीत, एक आठवडा वाचनालयात, असं आलटून पालटून. देवळाच्या सभामंडपात ठेवलं असतं तर निम्मी माणसं आली नसती, आणि त्यांच्या न येण्याला कारण आहे. चहा दर वेळी वेगळ्या घरून. कप धुवायला दोन्हीकडचं एकेक जण. हे आधी बोलून ठरवलं, आपोआप होईल म्हणून सोडलं नाही. आपोआप जे होतं ते जुनंच होतं.

पद्धत: पन्नास मिनिटं, एकच अभंग. आधी एकजण दंडाला थांबत सावकाश वाचतो. मग दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं एका शब्दाखाली रेघ मारायची. मग दुसरा आवाज तोच अभंग परत वाचतो. मग बोलणं, आणि तेही आपण रेघ मारलेल्या शब्दापासून सुरू करून. ‘कवीला काय म्हणायचंय?’ हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात बंद. तो विचारला की शाळेत शिकलेली उत्तरं येतात आणि ज्यांनी शाळा कमी पाहिली ते गप्प होतात.

बिघडलं कुठे: सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ सगळ्यांना चालीसकट पाठ. पहिल्या चरणातच चाल लागली आणि शब्द ऐकूच आले नाहीत. उपाय म्हणून अभंग शेवटच्या चरणापासून उलटा वाचून घेतला. तेव्हा ‘म्हणे चोखियाची महारी’ ही ओळ सर्वांत आधी आली. अर्ध्या लोकांना आपण ती इतकी वर्षं म्हणत आलो आहोत हे तेव्हा जाणवलं. गाण्याच्या शेवटी टाळ्यांच्या आत विरून जाणारी नाममुद्रा पहिल्या जागी ठेवली की मग ‘मी तूंपण गेलें वायां’ हे कुणाचं म्हणणं आहे ते कळतं.

अक्षर न वाचता येणाऱ्या तीन बायका होत्या, आणि पाठ अभंग सर्वांत जास्त त्यांच्याकडेच. पुढच्या वेळेपासून पहिलं म्हणणं त्यांचं, छापील कागद नंतर वाटायचा.

९ फेब्रुवारी

‘विटाळ’ या एकाच शब्दावर आख्खी बैठक गेली. शब्दार्थात ‘अपवित्रता’ एवढंच लिहून चालणार नाही हे स्पष्ट झालं. माणसं हा शब्द तीन ठिकाणी वापरतात: जातीचा विटाळ, पाळीचा विटाळ, आणि बाळंतपण-मरणाचं सुतक. सोयराबाई तिन्ही एका जागी आणून ठेवतात. ‘विटाळा वांचोनी उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं’. ज्या रक्तामुळे बाईला बाजूला बसवतात त्याच रक्तातून सोवळं नेसणारा जन्मला, हे त्या सरळ बोलतात. चौदाव्या शतकातली बाई हे बोलते आहे आणि आज इथे बसलेल्या बायकांपैकी काहींच्या घरी अजून चार दिवस स्वयंपाकघर बंद असतं. एका बाईनं एवढंच म्हटलं की हा अभंग सासूबाईंना वाचून दाखवायचा आहे. त्यावर चर्चा वाढवली नाही.

शब्दार्थ असा लिहिला: ‘विटाळ: स्पर्शानं, पाळीनं, जन्मानं किंवा मृत्यूनं माणूस अशुद्ध होतो ही समजूत.’ शेवटचा शब्द महत्त्वाचा. ‘समजूत’ लिहिलं नाही तर शब्दार्थच विटाळ खरा मानून चालतो.

बाकीचे शब्दार्थ करताना मुलांना विचारून पाहिलं. ‘डोंगा’ म्हणजे होडी असं दोघांनी सांगितलं. ‘ऊस डोंगा परी’त तो वाकडा, ओबडधोबड. ‘चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठी’मधली पाटी सगळ्यांनी शाळेची पाटी समजली. ती टोपली. पाटी घेऊन उष्टं मागायला आलेला माणूस मुलांच्या डोळ्यांसमोर शाळकरी मुलगा म्हणून उभा राहिला होता, आणि हा गैरसमज विचारल्याशिवाय कधीच कळला नसता. म्हणून नियम: ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला सोपा वाटतो तोही किमान तिघांना विचारायचा.

२३ फेब्रुवारी

अवघड बैठक, आणि आतापर्यंतची सर्वांत कामाची.

अभंग होता ‘शुद्ध चोखामेळा । करी नामाचा सोहळा’. त्यात चोखोबा म्हणतात की पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म मिळाला, ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ’. वस्तीतल्या तरुणांनी स्पष्ट सांगितलं की हा अभंग छापायचा नाही. जातीचं कारण पूर्वजन्मात शोधणं हाच तो सापळा आहे ज्यातून बाबासाहेबांनी बाहेर काढलं, आणि तो आपणच आपल्या पैशानं छापून वाटायचा का? १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. तो समजूत काढून मिटवण्यासारखा नाही.

मध्यस्थी म्हणून एकानं सुचवलं की विठ्ठल म्हणजे बुद्धच, असं प्रस्तावनेत लिहावं म्हणजे दोन्ही बाजू जोडल्या जातील. हेतू चांगला होता. पण बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं नाकारणारी स्वतंत्र प्रतिज्ञाच त्या बाविसांत आहे. ज्या वाचकासाठी पूल बांधायचा त्याच्याच शपथेवर पाय देऊन तो बांधता येत नाही. वारकऱ्यालाही त्याच्या विठोबाची अशी परस्पर अदलाबदल नको असते. सूचना मागे घेतली.

मग कर्ममेळ्याचा अभंग काढला:

‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता
आमचें घरीं भात दही । खावोनी कैसा म्हणसी नाहीं
म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला’

बाप सांगतो हा जन्म पूर्वीचं फळ. मुलगा विचारतो जन्म दिलाच कशाला. तेच घर, तोच देव, तोच विषय. तिसऱ्या ओळीला टीप हवीच. विठ्ठल चोखोबांच्या घरी येऊन दहीभात जेवला अशी कथा आहे. ती माहीत नसली तर ओळ नुसती जेवणाबद्दलची वाटते. माहीत असली की कळतं, मुलगा देवाला पकडतो आहे: आमच्या घरी जेवलास, आणि आता बाहेर नाही कसा म्हणतोस? अन्नाला चालतो, मग नात्याला का नाही?

या अभंगानंतर आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगितलं: दोन्ही छापा, पण समोरासमोर. बापाचा अभंग एकटा कुठेही नको. मुलाचाही एकटा नको, कारण तो कुणाला उत्तर देतो आहे ते दिसायला हवं.

हेच आता या पुस्तिकेचं सूत्र. वाकलेली मान गाळली तर सहाशे वर्षं माणसांना काय मानायला लावलं गेलं त्याचा पुरावा जातो. उलट प्रश्न गाळले तर ती माणसं मुकाट होती असा खोटा समज होतो. निवडीतला कुठलाही अभंग सोयीसाठी काढायचा नाही.

त्यामुळे व्यक्तीनुसार क्रम रद्द झाला. पाच भाग विषयावर: दार, ताट, जन्म, देह, नाम. ‘जन्म’ बरोबर मध्यावर.

४ मार्च

चोखोबांचा ‘जोहार मायबाप जोहार’. वारकरी बायका हा अभंग भारुडासारखा हात जोडून, ठसक्यात म्हणतात आणि आजूबाजूचे हसतात. वाचनात ते होऊ द्यायचं नाही. ‘जोहार’ हा महारांना गावातल्या वरच्यांपुढे वाकून घालावा लागे तो नमस्कार. त्याच माणसांच्या नातवंडांनी त्याच्या जागी ‘जय भीम’ आणला, आणि तो ताठ मानेनं म्हणायचा असतो. टिपेत एवढं लिहिलं.

‘महार’, ‘महारी’ हे शब्द छापायचे की टिंबं घालायची, यावर फार वेळ लागला नाही. ज्यांचा शब्द आहे त्यांनीच ठरवावं, आणि त्यांनी सांगितलं की जसाच्या तसा छापा. सोयराबाईंनी तो नाममुद्रेत घातला आहे, सहीसारखा. सही पुसायची नसते. आमच्या गद्यात, टिपांत आणि प्रस्तावनेत मात्र तो फक्त ऐतिहासिक माहिती देतानाच येईल.

९ मार्च

प्रस्तावना, दोन पानं, जास्त नाही. चमत्कार ‘परंपरा सांगते’ या शब्दांनी, तारखा सरळ.

चोखोबांचा मृत्यू १३३८, मंगळवेढा. गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर होते, ती कोसळली आणि बरोबरच्या मजुरांसह गाडले गेले. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना परवानगी नव्हती तेच बांधताना. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली.

दार त्यानंतरही बंदच राहिलं. साने गुरुजींनी १ मे १९४७पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याचं ठरलं. समाधी ते दार हे अंतर थोड्या पावलांचं, वर्षं ६०९. १९४८मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्यांनी आठच वर्षांनी धर्म सोडला त्यांनीच हे केलं आहे. बौद्ध घरांत पुस्तिकेबद्दल बोलताना हे वाक्य सर्वांत उपयोगी पडलं, आणि ते खरं आहे म्हणून पडलं.

जन्मगावाबद्दल दावे एकाहून जास्त आहेत, त्यात शिरलो नाही.

१६ मार्च

मांडणी. आकार डेमी १/८, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. अभंगाचा टाइप १६ पॉइंट, दोन ओळींत २६ पॉइंटांचं अंतर. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरं असतात, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा जास्त मोकळीक लागते. शब्दार्थ ११ पॉइंट. उजव्या पानावर अभंग, डाव्या पानावर त्याचे शब्दार्थ आणि खाली रिकामी जागा, वाचकानं लिहायला.

पानांचा हिशेब: पहिली ७ पानं शीर्षक, अनुक्रम, सूचना, प्रस्तावना. पान ८ ते ५५ अभंग. उरलेली ९ पानं शब्दसूची. एकूण ६४, म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्मे, एकही पान वाया नाही.

पान ३२-३३ला नेहमीची मांडणी मोडली. डावीकडे ‘शुद्ध चोखामेळा’, उजवीकडे ‘आमुची केली हीन याती’. दोन्हींचे शब्दार्थ उलटून ३४-३५वर. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या ६४ पानी पुस्तिकेत ३२-३३ हाच मधला, सलग, न कापलेला कागद. दोन अभंगांच्या पहिल्या ओळी एका रेषेत आणायच्या तर ही एकच जागा भरवशाची. इतर जोडपानांत घडी आणि कटिंगमुळे एक-दोन मिलिमीटर वरखाली होतंच.

मुखपृष्ठावर विठ्ठलाचं चित्र नाही, बुद्धाचं नाही, चोखोबांचं काल्पनिक चित्रही नाही. पाच नावं, पाचही एकाच मापात. ‘संत’ हे बिरुद पाचही जणांना किंवा कुणालाच नाही, यावर मत घेतलं. कुणालाच नाही असं ठरलं.

टंक निवडताना मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे ना ते बघायचं. बऱ्याच टंकांत दोन्ही वळणं असतात आणि फाइलची भाषा हिंदी लावलेली असेल तर हिंदी वळण उमटतं.

२३ मार्च

ध्वनिमुद्रण, अक्षर न वाचणाऱ्यांसाठी. चोवीस अभंग, चाल न लावता, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटं. साधा फोन, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘भ’, ‘फ’, ‘ख’चा वारा थेट लागत नाही. पंखा बंद, खिडकीला दोन गोधड्या. सिमेंटच्या खोलीत गोधडी नसली की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मोनो, ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइली मिनिटाला साधारण अर्धा एमबी, सगळे मिळून २४ एमबीच्या आत. फोनवरून पाठवायला त्रास नाही.

वाचणारे आवाज: सोयराबाई-निर्मळेचे अभंग बायकांच्याच आवाजात. कर्ममेळा सोळा वर्षांच्या मुलानं वाचला. ‘कासया जन्म दिला मला’ त्यानं रागानं नाही, हळू वाचलं. तेच ठेवलं.

५ एप्रिल

मुद्रितशोधन, जोडीनं. एक गाथेतून मोठ्यानं वाचतो, टिंब आणि दंडसुद्धा तोंडानं सांगत: ‘खातां, टिंब, दंड’. दुसरा छापील प्रतीवर बोट ठेवून बघतो. मग जोडी बदलून परत. पहिल्या फेरीत ३१ चुका, दुसरीत ६. एकट्यानं मनातल्या मनात वाचून या सापडत नाहीत. पाठ असलेला अभंग डोळे आपोआप दुरुस्त करून वाचतात.

१९ एप्रिल

फाइल दिली. पीडीएफच, टंक आत बसवलेले. मांडणीची मूळ फाइल द्यायची नाही, तिकडच्या संगणकावर टंक नसला की तो दुसराच घालून मोकळा होतो आणि जोडाक्षरं सुटतात. कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड मॅपलिथो. पांढऱ्याशुभ्र कागदावर म्हाताऱ्या डोळ्यांना चकाकी लागते, ६० जीएसएमला मागची अक्षरं दिसतात. ५०० प्रतींना १८ बाय २३च्या कागदाचे चार रीम, वर वाया जाणाऱ्यांसाठी दीडशे कागद.

२६ एप्रिल

डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत आली आणि पानं उलटीसुलटी. छापखान्यानं फॉर्मे एकामागोमाग ठेवायच्या हिशेबानं लावले होते: १ ते १६, १७ ते ३२, असे. ती पद्धत चिकटवलेल्या पाठीच्या पुस्तकाची. सेंटर पिनला फॉर्मे एकात एक बसतात, त्यामुळे सर्वांत बाहेरच्या फॉर्म्यात १ ते ८ आणि ५७ ते ६४, आणि सर्वांत आतल्यात २५ ते ४० यायला हवीत. प्लेट काढण्याआधी कळलं म्हणून निभावलं. डमी हातात घेऊन पान न् पान उलटल्याशिवाय छपाईला होकार द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट: सोळा दुमडलेले कागद एकात एक गेले की आतले बाहेर सरकतात. ७० जीएसएमला मधलं पान सुमारे दीड मिलिमीटर पुढे येतं आणि कटिंगमध्ये तेवढं कापलं जातं. बाहेरचा समास १५ मिलिमीटर ठेवला होता, त्यामुळे ३३वर मजकुराला धक्का नाही.

९ मे

५०० प्रती आल्या. सुमारे वीस प्रतींत एक पिन घडीच्या बाहेर लागली आहे, त्या बाजूला काढल्या.

१२ मे

विहारात वाचन, वंदनेनंतर. टाळ नाही, ‘देह’ आणि ‘जन्म’ हे दोनच भाग. चाळीसेक माणसं. वाचणाऱ्यांपैकी दोघांनी वाचायच्या आधी उभं राहून सांगितलं की आम्ही हे श्रद्धेनं नाही, आपल्या पूर्वजांचं बोलणं म्हणून वाचतो आहोत. हे त्यांनी सांगायला हवंच होतं.

१७ मे

भजनी मंडळात, टाळ-मृदंगासह. इथे उलटी अडचण आली. कर्ममेळ्याच्या अभंगाला चाल कुणालाच येत नव्हती, कारण तो कधी म्हटलाच जात नाही. म्हणून तो नुसता वाचला गेला, मृदंग थांबवून. विहारातून नऊ जण आले होते, मागे बसले. चहाच्या वेळी कप आधी ठरल्याप्रमाणे धुतले गेले.

२१ मे

शिल्लक १६० प्रती. दुसऱ्या छपाईसाठी दुरुस्त्या:

पान ४१, ‘कवण’ला शब्दार्थ राहिला: कोणता.
पान ५८, ‘याती’ सूचीत नाही.
डाव्या पानावरची रिकामी जागा अपुरी. परत आलेल्या चार प्रतींत लोकांनी समासातसुद्धा लिहिलं आहे. शब्दार्थ १० पॉइंट करून तीन ओळी वाढवता येतील.
सेंटर पिनची पुस्तिका टेबलावर ठेवली की आपोआप ३२-३३वर उघडते. तिथे शब्दार्थ नाहीत आणि पान उलटावं लागतं, अशी तक्रार पाच जणांची. दोन्ही अभंगांखाली दोन-दोन ओळींत अवघड शब्द द्यायचे: ‘कासया: कशासाठी’. भात-दह्याची टीपही तिथेच.
ध्वनिफितीत निर्मळेचा दुसरा अभंग मध्येच तुटतो, परत मुद्रित करायचा. पंख्याचा आवाज आहे.